वेडर्सवरचा आरोप आणि जीन्सची वकिली

मार्च उजाडला की हिमाचलला निघणाऱ्यांच्या ग्रुपवर तो मेसेज हमखास फिरतो. 'तीर्थन नदीवर ट्राउट मासा गरवायला जाताय? दुकानदारांना फसू नका. वेडर्समध्ये पाणी शिरलं की ते माणसाला तळाशी ओढतात. जीन्स आणि जुने स्पोर्ट्स शूज पुरतात. फारच हौस असेल तर फेल्टच्या (दाबून जाड केलेल्या कापडाच्या) तळव्याचे बूट घ्या, जगात त्यांना तोड नाही. माशाला रंग कळत नाहीत आणि गॉगल नुसता फोटोपुरता.' यंदा मला तो तिघांनी पाठवला. त्यातला एक माझा मेहुणा, त्यामुळे गप्प बसणं शक्य नव्हतं.

आधी वेडर्स. ही पावलापासून छातीपर्यंत येणारी, पाणी आत न घेणारी विजार. ती भरली की माणूस बुडतो, असं ज्याला वाटतं त्याने विहिरीतून पोहरा काढून बघावा. काठोकाठ भरलेला पोहरा पाण्याखाली असेपर्यंत हलका लागतो, पाण्याबाहेर आला की खांदा निघतो. वेडर्सचंही तेच. आत पाणी, बाहेर पाणी, मग खाली ओढणार कोण? ली वुल्फ या नामांकित अमेरिकी मासेमाराने वेडर्स चढवून पुलावरून नदीत उडी मारली होती, ती हीच समजूत खोडून काढायला.

धोका आहे, पण दुसरीकडे. भरलेली विजार प्रवाहात शिडासारखी फुगते आणि काठावर चढताना मणाची होते. म्हणून कमरेला घट्ट पट्टा हवा. पडलात तरी त्याच्यावरून फार पाणी आत उतरत नाही. पट्टा सैल किंवा पिशवीतच ठेवून पाण्यात उतरणारे मी दर वर्षी पाहतो. पडलात तर उठायची घाई करू नका. पाठीवर व्हा, पाय प्रवाहाच्या दिशेने ठेवा आणि तिरकं काठाकडे सरका.

वेडर्सचा खरा दोष असा की त्यांनी उसना धीर येतो. नवख्याने मांडीभर पाण्यापुढे जाऊ नये, अंगावर काहीही असो. तीर्थन जिथे बियासला मिळते, त्या लारजीच्या धरणातून पाणी सोडल्यावर ८ जून २०१४ रोजी थलौटजवळ पात्रात उतरलेले हैदराबादचे २४ विद्यार्थी वाहून गेले. धरणाखालच्या पात्रात पाणी चढायला लागलं की पळायला वेळ मिळत नाही.

आता जीन्स. इथे मी अनुभवी आहे, कारण पहिल्या खेपेला मीही जीन्सच घालून गेलो होतो. ट्राउट हा इथला मासा नाही, ब्रिटिशांनी आणून सोडलेला. त्याला थंड पाणी लागतं, म्हणजे तो जिथे आहे तिथे पाणी बर्फाचंच असणार. पाणी अंगातली उष्णता हवेच्या सुमारे २५ पट वेगाने खेचतं आणि भिजलेलं सुती कापड ते गार पाणी पोटरीला चिकटवून ठेवतं. अर्ध्या तासात माझी जीन्स पत्र्यासारखी झाली. काठावरचा धोंडा जेमतेम कमरेइतका, पण गुडघा दुमडेना. शेवटी बरोबरच्या गाइडने बखोटीला धरून वर घेतलं. बुटांच्या नाड्या फुगून बसल्या होत्या, त्या सोडवायला बोटंही वळत नव्हती.

यावर उपाय महागडा नाही. इथे मेसेजला एक गुण देतो: पहिल्याच फेरीला वेडर्स विकत घेऊ नयेत. तीर्थनमध्ये बरंचसं गरवणं काठावरून, धोंड्यांवर उभं राहून होतं. उन्हाळ्यात घोटाभर-गुडघाभर पाण्यासाठी पटकन वाळणारी ट्रेकिंगची पँट, लोकरीचे किंवा निओप्रीनचे (फेसाळ रबराचे) मोजे आणि घोटा धरणारे बूट एवढ्यावर भागतं. मार्चमध्ये मात्र वेडर्स भाड्याने मिळाले तर घ्यावेत आणि आत लोकरीचे किंवा सिंथेटिक थर्मल घालावेत. स्वस्तातले पीव्हीसीचे वेडर्स घाम बाहेर जाऊ देत नाहीत. आत सुती कपडे असले की संध्याकाळी माणूस ओलाचिंब होतो आणि 'वेडर गळतंय' म्हणून दुकानदाराशी भांडायला जातो. गळत नसतं, तो आपलाच घाम असतो.

बूट जाड मोजा घालूनच मापून बघा, बहुधा एक नंबर मोठे लागतात. पाय आवळला की रक्त खेळत नाही आणि सगळ्यात आधी बोटं गारठतात. शेतात चालणारे गमबूट इथे नकोत. काठोकाठ भरले की काठावर चढताना पाऊल उचलत नाही.

फेल्टचं कौतुक अर्धं खरं आहे. शेवाळलेल्या गोट्यांवर तो छान धरतो. पण ओल्या गवतावर आणि चिखलाच्या उतारावर तोच घसरतो, आणि तीर्थनला पाण्यापर्यंत जायला तसाच उतार असतो. शिवाय तो लवकर वाळत नाही, त्यामुळे एका नदीतले जीव दुसरीत पोचतात. न्यूझीलंडमध्ये २००४ साली डिडिमो हे शेवाळ सापडलं आणि २००८ पासून तिथे मासेमारीला फेल्टचे तळवे वापरायला बंदी आली. मेसेजमधलं 'जगात तोड नाही' ते हेच. खिळे बसवलेला रबरी तळवा घ्या आणि हातात एक काठी ठेवा. बांबूची चालते.

माशाला रंग कळतात. पाण्याखालून त्याला बाहेरचं जग डोक्यावरच्या एका गोल खिडकीतून दिसतं, आणि आभाळासमोर हलणारा पांढराशुभ्र शर्ट त्यात लगेच भरतो. तरी मी म्हणेन, रंगापेक्षा हालचाल आणि सावली जास्त घात करते. मळखाऊ हिरवा-करडा शर्ट घाला आणि वाकून चाला.

राहिला गॉगल. पोलराइज्ड काचेने पाण्यावरची चमक जाते, तळाचे खड्डे दिसतात, नशीब असेल तर मासाही. पण माझ्या मते ते दुय्यम. शिकाऊ माणसाची दोरी मागून पुढे येताना गरी कानाजवळून सूं करत जाते. पहिल्या दिवशी माझी गरी माझ्याच टोपीत, डाव्या डोळ्याच्या वर दोन बोटांवर रुतली. निघेना, म्हणून दोरा कापला. ती टोपी मेहुण्याला देतोय, गरीसकट.