गॅसचं वीजकेंद्र बंद कसं ठेवावं?

परवा संध्याकाळी पावणेआठला मी तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधोमध, लिफ्टमध्ये, मिट्ट काळोखात पस्तीस मिनिटं उभा होतो. सोबत वरच्या मजल्यावरचे काका. गुडघ्यांमुळे ते शेवटी खालीच बसले. वीज कंपनीला फोन लावला तर पलीकडची मुलगी म्हणाली, "सर, वरून लोड कमी करायला सांगितलंय." वर म्हणजे कुठे, हे तिलाही ठाऊक नव्हतं. तेवढ्या वेळात मला वीजनियोजनाचं सगळं शास्त्र उमगलं. उद्या कुणी राज्याची वीज तुमच्या हाती दिलीच, तर असू द्या जवळ.

आधी केंद्र बांधा. गॅसचं बघू मागाहून. कित्ता गिरवायला आपलं दाभोळचं, एन्रॉनवालं केंद्र आहेच: १९९२ ला बोलणी, १९९९ ला पहिला टप्पा सुरू, तोही गॅसवर नव्हे, नाफ्त्यावर (कच्च्या तेलातून निघणारं द्रव इंधन), आणि २००१ ला कुलूप. २००५ ला नवी कंपनी, नवी पाटी.

मग सगळी भिस्त एकाच विहिरीवर ठेवा. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या समुद्रातून २००९ मध्ये गॅस यायला लागला, त्याच्या भरवशावर केंद्रं उभी राहिली. दोनेक वर्षांत उत्पादन घसरू लागलं. २०१३ मध्ये वीजकेंद्रांच्या वाट्याला त्यातलं जवळजवळ काहीच उरलं नाही.

कुणी विचारलंच तर "गॅसची वीज महाग पडते" म्हणा आणि चहा मागवा.

आता मुख्य धडा, संध्याकाळचा. दुपारी सौर वीज भरपूर असते, कोळशाच्या संचांचा भार कमी करावा लागतो. सहानंतर सूर्य उतरतो आणि नेमके तेव्हाच घरोघरी दिवे, पंखे, एसी सुरू होतात. तास-दोन तासांत हजारो मेगावॉटचा खड्डा. कोळशाचा थंड पडलेला संच पेटवून पूर्ण भारावर आणायला कित्येक तास लागतात. बाष्पक (बॉयलर) तापायलाच वेळ जातो. गॅस टर्बाइन वीस-तीस मिनिटांत उभं राहतं. त्याच्या गरम धुरावर वाफेचं टर्बाइन जोडलं की तेवढ्याच गॅसमध्ये जवळजवळ दीडपट वीज निघते (ते गरम व्हायला मात्र वेळ घेतं), आणि चिमणीतून निघणारा कार्बन कोळशाच्या साधारण निम्मा. म्हणजे या खड्ड्यासाठीच जणू घडवलेलं यंत्र. म्हणूनच ते बंद ठेवायचं! देशात अशी २०,००० मेगावॉटहून जास्त क्षमता आहे आणि एकूण विजेत तिचा वाटा जेमतेम दोन टक्के. विहीर खोदून तयार आहे हो, पोहरा घ्यायचा राहिलाय. खत कारखाने, पाइप गॅस, सीएनजी यांचं आधी भागवायचं, मान्य. पण मग आयात गॅस थंडीत करार करून घ्यायचा की ऐन उन्हाळ्यात मिळेल त्या भावाने बाजारात उभं राहायचं? २०२२ मध्ये युक्रेनच्या युद्धामुळे हे भाव आभाळाला भिडले, तेव्हा तरी कळायला हवं होतं. २०२४ मध्ये मे-जूनसाठी ही केंद्रं चालवा, असा केंद्र सरकारचा आदेश कधी निघाला? एप्रिलमध्ये. उन्हाळा काय त्या वर्षी पहिल्यांदा आला होता?

आणि बंद संच फुकट असतो असं समजू नका. कर्जाचे हप्ते, माणसांचे पगार, देखभाल, सगळं चालूच.

अहो, रोज चोवीस तास गॅस जाळा असं कोण म्हणतंय? संध्याकाळचे तीन-चार तास म्हणतोय. गॅस महाग आहे, पण अग्निशमनाचा बंब रोज किती आगी विझवतो यावर कुणी त्याचा हिशेब मांडतं का? तो तयार उभा असतो त्याचे पैसे देतो ना आपण? तसे द्या. नाहीतर बॅटऱ्या लावा, पाणी वर चढवून ठेवणारे जलविद्युत प्रकल्प बांधा; पण ते होईपर्यंत आहे ते यंत्र गंजवत ठेवून लोकांचे फीडर (वस्तीला वीज पुरवणाऱ्या वाहिन्या) काय बंद करता? सूर्य मावळतो, हे मे महिन्यात अचानक कळल्यासारखं तोंड करता, लाज कशी वाटत नाही?

आणि 'वर' म्हणजे कोण, त्याचं नाव तेवढं त्या फोनवरच्या मुलीला सांगून ठेवा. तुमच्या वाट्याच्या शिव्या तिने का खायच्या?