अर्धा मायक्रोसेकंद मागितला, सोनं नाही मागितलं!

"डिले लाव की, त्यात काय एवढं!" सिग्नल अर्ध्या मायक्रोसेकंदापुरता, म्हणजे सेकंदाच्या वीस लाखाव्या भागापुरता कसा धरायचा, हे बेळगावच्या उद्यमबागेतल्या वर्कशॉपात विचारा नाहीतर टिळकवाडीतल्या क्लासात, उत्तर ठरलेलं. डिले म्हणजे प्रोग्रॅमला थोडा वेळ थांबवायची आज्ञा. अरे, कुठला डिले लावू?

गणपती तोंडावर आलाय. मंडळाला 300 दिव्यांची डब्ल्यूएस2812बी पट्टी (प्रत्येक दिव्याचा रंग वेगळा ठरवता येणारी एलईडी पट्टी) लावायचीय. तिला 'शून्य' कळायचा तर सिग्नल 0.4 मायक्रोसेकंद चालू (हाय) राहायला हवा, 'एक' कळायचा तर 0.8. त्यात दीडशे नॅनोसेकंद, म्हणजे 0.15 मायक्रोसेकंद, मागंपुढं चालतं, बस्स. आता आर्डुइनो उनो ह्या छोट्या कंट्रोलर बोर्डावर, मायक्रोसेकंदांत थांबवणाऱ्या डिलेमायक्रोसेकंड्स फंक्शनमध्ये 0.4 टाका. ते फंक्शन पूर्णांकच घेतं, म्हणजे 0.4 चा सरळ शून्य. आणि शून्य दिला तरी नुसतं आत जाऊन बाहेर यायलाच जवळपास एक मायक्रोसेकंद जातो! एरर नाही, काही नाही, गुपचूप. पिन चालू-बंद करणारं डिजिटलराइट तर त्याहून मंद. मग पट्टीला प्रत्येक 'शून्य' हा 'एक'च वाटतो, हिरवा मागितला की अख्खी पट्टी पांढरीफट्ट पेटते आणि पोरं माझ्या तोंडाकडं बघत बसतात.

दारावर 'एम्बेडेड'ची (चिप प्रोग्रॅमिंगची) पाटी लावून फी घेता आणि शिकवता काय? एलईडी एक सेकंद चालू, एक सेकंद बंद! ह्या बोर्डाच्या 16 मेगाहर्ट्झला एक सायकल, म्हणजे चिपच्या घड्याळाचा एक ठोका, 62.5 नॅनोसेकंदाची, एक नॉप (काहीच न करणारी सूचना) म्हणजे एक सायकल, पिनांच्या पोर्टावर थेट बिट लिहिलं की दोन सायकलीत काम होतं. एवढं फळ्यावर लिहायला किती खडू लागतो हो? वर सांगता, रिकामा फॉर लूप (नुसताच पुन्हा पुन्हा फिरणारा कोड) फिरव. ऑप्टिमायझेशन (कोड आटोपशीर करणं) चालू असलं की कंपायलर, म्हणजे कोड चिपच्या भाषेत बदलणारा प्रोग्रॅम, तो लूप मुळासकट उडवतो, हे कोण सांगणार?

बरं, नॉप मोजून मोजून टाकले, तरी मध्येच टायमरचा इंटरप्ट, म्हणजे चालू काम थांबवणारी हाक, येऊन सगळा ताल बिघडवतो. म्हणून इंटरप्ट बंद करायचे. 300 दिव्यांना डेटा पाठवायला 9 मिलिसेकंद लागतात, तेवढा वेळ मिलिस, म्हणजे बोर्डाचं मिलिसेकंदांचं घड्याळ, मोजायचं राहतं. दर फ्रेमला, म्हणजे डेटा पाठवायच्या प्रत्येक खेपेला, घड्याळ मागं पडतं. आरतीच्या रिलेचा (विजेच्या स्विचचा) वेळ त्याच मिलिसवर बांधलाय, तो चुकला की बोलणी पुन्हा मलाच!

आणि ह्या सगळ्यावर शहाण्यांचा सल्ला काय, तर "महागातला बोर्ड घे." का म्हणून घेऊ? ह्याच चिपला हे काम जमतंय, सायकली मोजल्या की चोख जमतंय. तुम्हाला मोजायचा कंटाळा, आणि पैसे मंडळाच्या वर्गणीतनं घालू?