लर्लीन वॉलेस 'बाहुली' होती का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. अमेरिकेतल्या अलाबामा राज्याची १९६७-६८ मध्ये गव्हर्नर असलेल्या लर्लीन वॉलेसवरच्या माझ्या लेखाबद्दल तुम्ही लिहिलंय : 'ती नवऱ्याच्या हातातली बाहुली होती. वर्णभेद टिकवणाऱ्या बाईला तुम्ही बिचारी करून टाकलंत.' आक्षेप गंभीर आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

तुमचं पहिलं वाक्य खरं धरलं तर दुसरं टिकत नाही. बाहुलीला जाब कोण विचारणार? मी तिला बाहुली म्हणत नाही ते याचसाठी.

तिला वापरून घेतलं गेलं, यात वादच नाही. अलाबामात गव्हर्नरला लागोपाठ दुसऱ्यांदा उभं राहता येत नव्हतं. ही अट काढायचा तिचा नवरा आणि तेव्हाचा गव्हर्नर जॉर्ज वॉलेसचा प्रयत्न राज्याच्या सिनेटने १९६५ मध्ये हाणून पाडला, तेव्हा त्याने बायकोला उभं केलं. नुकतीच तिच्यावर कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेली. त्याहून संताप येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. या आजाराची शंका डॉक्टरांना १९६१ मध्येच आली होती आणि त्यांनी ती सांगितली नवऱ्याला, तिला नाही! सभांमध्ये ती लिहून आणलेलं छोटं भाषण वाचायची, मग जॉर्ज माइक हातात घ्यायचा. कारभार तोच बघणार हे दोघांनी लपवलंही नाही. तरी पक्षांतर्गत निवडणुकीत दोन माजी गव्हर्नरांसह सगळ्यांना तिने पहिल्याच फेरीत मागे टाकलं आणि नोव्हेंबर १९६६ मध्ये रिपब्लिकन उमेदवाराच्या दुपटीहून जास्त मतं घेतली.

शपथ मात्र तिने घेतली होती. मार्च १९६७ मध्ये फेडरल न्यायालयाने राज्यभरातल्या शाळांमधला वर्णभेद संपवायचा आदेश दिला, तेव्हा विधिमंडळापुढे उभं राहून त्याविरुद्ध बोलली ती लर्लीन. ते शब्द कुणीही लिहून दिलेले असोत, जबाबदारी तिचीच. हे मी मूळ लेखातही लिहिलंय.

आता टस्कलूसाच्या ब्राइस मनोरुग्णालयाबद्दल. तिथली गर्दी आणि हाल बघून ती रडली आणि मनोरुग्णांच्या संस्थांसाठी दीड कोटी डॉलरचे कर्जरोखे तिने मंजूर करून घेतले. जॉर्जच्या राजकारणाला याचा काडीचा उपयोग नव्हता. हा तिचा स्वतःचा निर्णय होता आणि तो मी लेखातून काढणार नाही. पण ब्राइस तेव्हा गोऱ्यांसाठी होतं. काळ्या रुग्णांना माउंट व्हर्ननच्या सर्सी रुग्णालयात वेगळं ठेवत. तिची करुणा खरी होती, आणि ज्या व्यवस्थेतून ती वाहिली ती व्यवस्था तिला मान्य होती.

मे १९६८ मध्ये ती गेली, वयाच्या ४१ व्या वर्षी. ब्राइसची दुरवस्था काही त्या पैशांनी संपली नाही. १९७० मध्ये प्रकरण न्यायालयात गेलं आणि रुग्णांना उपचार मिळण्याचा घटनात्मक हक्क आहे, असा निकाल न्यायाधीश फ्रँक जॉन्सन यांनी दिला. लर्लीनने ज्या शाळांच्या आदेशाविरुद्ध भाषण केलं, तो देणाऱ्या खंडपीठावरही हेच जॉन्सन होते.