पाश्चरच्या चंबूवर भलतंच ओझं

ठाण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपांवर एक फॉरवर्ड फिरतोय: 'निर्जीवापासून सजीव होत नाही, हे पाश्चरने सिद्ध केलंय. शंभर अमिनो आम्लांचं प्रथिन आपोआप जुळण्याची शक्यता 20 च्या 100 व्या घातात एक. आणि जीव असा होत असता, तर ठाण्याच्या खाडीत रोज नवा दिसला असता.'

पाश्चरपुढचा प्रश्न एवढाच होता, की उकळलेल्या रसात जंतू येतात कुठून? यीस्टचं साखरपाणी उकळलं, चंबूची मान हंसासारखी वाकवली. हवा आत जाते, धूळ बाकात अडते, रस महिनोन्‌महिने नितळ राहतो. चंबू कलवून तोच रस बाकातल्या धुळीला लावून परत आणला, की काही दिवसांत गढूळ! चार अब्ज वर्षांपूर्वीच्या, हवेत प्राणवायू जवळपास नसलेल्या पृथ्वीबद्दल हा चंबू काहीच सांगत नाही.

हाच प्रयोग वाळल्या गवताच्या काढ्यावर केलात, तर पाश्चरच खोटा ठरल्यासारखं वाटेल. त्यात बॅसिलस या जिवाणूंचे बीजाणू (टणक कवचातली सुप्त रूपं) असतात आणि उकळत्या पाण्यातही ते तगतात. जीव आपोआप होतो असं मानणारे पाश्चरचे विरोधक पुशे यांचा काढा गवताचाच होता. तोड 1877 मध्ये टिंडल यांनी काढली: उकळा, बीजाणू रुजू द्या, पुन्हा उकळा, असं लागोपाठ काही वेळा. आता ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेच्या भांड्यात) 121 अंशांवर 15 मिनिटांत काम होतं.

शक्यतेचं गणित एकच ठरलेला क्रम आणि एकच प्रयत्न धरतं. 2001 मध्ये कीफ आणि शोस्टाक यांनी 80 अमिनो आम्लांचा यादृच्छिक पट्टा असलेली सुमारे 6 लाख कोटी प्रथिनं चाळली. एटीपीला, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूला, चिकटणारे चार गट सापडले. याने जीव कसा झाला ते कळत नाही, पण फॉरवर्डमधला आकडा मात्र निकाली निघतो. (1953 मध्ये मिलर यांनी वायूंच्या मिश्रणात विजेच्या ठिणग्या पाडल्या, त्यातूनही अमिनो आम्लंच निघाली. 'जीव बनवला' म्हणणारे फॉरवर्डही तितकेच चूक.)

राहिली खाडी. ओहोटीला तिथला चिखल उकरा: वर तपकिरी साय, खाली काळा थर आणि सडक्या अंड्यांचा वास. हा वास सल्फेटवर जगणाऱ्या जिवाणूंनी सोडलेल्या हायड्रोजन सल्फाइडचा. अशा गर्दीत मोकळं अमिनो आम्ल तयार झालंच, तर ते कोणाच्या तरी पोटात जाणार. डार्विनने 1871 मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ मित्र हूकर यांना पत्रात हेच लिहिलं होतं: आज असं द्रव्य तयार झालं तर लगेच फस्त होईल, सजीव नसताना तसं झालं नसतं.