अण्णांचं टायट्रेशन

परवा आमच्या ज्युनियर कॉलेजात व्हर्च्युअल लॅबचं उद्घाटन झालं, म्हणजे नारळ फोडला, प्रोजेक्टरला हार घातला अन् मला म्हणाले, सर आता दाखवा. हार नेमका मशीनच्या जाळीवर, त्यात सोलापूरचं ऊन, मशीन तापून बंद. हार काढल्यावर चाललं.

वेबसाइटबद्दल माझी तक्रार नाही हां. ओलॅब्ज, अमृता विद्यापीठ आणि सी-डॅकवाल्यांनी केलेली, नववी ते बारावीचे प्रयोग आहेत, चांगली आहे. त्यातलं टायट्रेशन दाखवलं: माऊसनं ब्युरेटमधून, म्हणजे खाली तोटी असलेल्या मोजनळीतून, अल्कलीचे थेंब थेंब सोडायचे, खाली फ्लास्कातलं आम्ल संपलं की त्यात घातलेलं फिनॉल्फ्थॅलीन हे रंगद्रव्य गुलाबी. मागून कुणीतरी "भारी बे" पण म्हणालं.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून अण्णांनी हात वर केला. अण्णा म्हणजे संस्थेचे संचालक, टॉवेलचा धंदा.

"सर, थांबवा. हा रंग पक्का आहे का?"

"म्हणजे?"

"धुण्यात जातो का ऱ्हातो?"

"अण्णा, हे कापड नाही, द्रावण आहे. द्रावण पण नाही, चित्र आहे."

"चित्र असू द्या की. माझा बाप जन्मभर डायिंगमध्ये होता. असला फिकट गुलाबी टिकत नसतो. थांबा जरा, जाईल बघा."

झालं. प्रिन्सिपॉल, स्टाफ, पोरं, चहा घेऊन आलेला शिपाई, सगळे पडद्याकडं टक लावून. कुणी हलेना. शिपायाच्या ट्रेमधल्या चहावर साय धरली, रंग काय जाईना.

अन् राग ह्याचा आहे की अण्णा बरोबर होते! खऱ्या फ्लास्कात तो फिकट गुलाबी नुसता ठेवला की हवेतला कार्बन डायऑक्साइड त्यात विरघळतो अन् रंग उडतो. दर वर्षी पोरं बोंबलतात, सर रंग गेला, घाबरून अजून थेंब सोडतात, रीडिंगचं वाटोळं, आणि तिथंच त्यांना केमिस्ट्री जरा कळायला लागते. हे सांगायला मी तोंड उघडलं, तर अण्णा प्रिन्सिपॉलकडं वळून म्हणतात, "बघा, खऱ्यापेक्षा ह्याचा रंग पक्का. मग खरं कशाला पायजे? परत पाणी लागत नाही, काही नाही."

पाणी म्हटल्यावर टाळ्या. ह्या मुद्द्यावर सोलापुरात कोण वाद घालणार? उजनी भरलेलं असू दे, आमच्या घरचा नळ काय रोज येत नाही, बायको सकाळी पिंप मोजते, मी कुठल्या तोंडानं म्हणू की परीक्षानळ्या धुवायला पाणी पाहिजे.

पण गळक्या ब्युरेट बदला म्हणून दिलेला माझा अर्ज ऑफिसात धूळ खातोय त्याचं काय? पाण्याची पातळी डोळ्यासमोर धरून वाचायची, स्टॉपकॉक, म्हणजे ती तोटी, डाव्या हातानं हळू सोडायचा, हे माऊसवर हाताला कसं येणार? सोबत दाखवा ना, आधी पडद्यावर मग हातात, कोण नको म्हणतंय. आमच्याकडं मात्र 'सोबत' नाही, 'ऐवजी'.

कार्यक्रम संपल्यावर अण्णा लॅबमध्ये आले, पावलांनी खोली मोजली. इथं सीईटीचा क्लास बसवायचाय म्हणे, सिंक तेवढं काढायला लागतंय.

मी म्हटलं, "अण्णा, बारावीला ३० मार्कांचं प्रॅक्टिकल असतंय. बाहेरचे परीक्षक येतात, त्यांना काय दाखवू?"

"हेच दाखवा की. अन् चहा पाजा."