'आठव्यातलं बाळ जगत नाही' या मेसेजला उत्तर

गेल्या महिन्यात माझ्या भाचीचं बीपी १७०/११० झालं, म्हणून रातोरात तिला सिन्नरहून नाशिकला आणलं. बत्तिसावा आठवडा, आठवा नुकताच लागलेला. डॉक्टर म्हणाले, इंजेक्शनं सुरू करतो, एक-दोन दिवसांत सिझर करावं लागेल. नेमका तेव्हाच तिच्या सासूबाईंच्या फोनवर मेसेज आला. 'सातव्यातलं बाळ जगतं, आठव्यातलं जगत नाही, महिनाभर थांबा. सूज, बीपी चालायचंच. फुप्फुसाचं म्हणून देतात ते स्टिरॉइड, बाळ अपंग होतं. काचेची पेटी बिल वाढवायला. मध चाटवा, बाळ तरतं.' सही करायला निघालेल्या जावईबापूंच्या हातातलं पेन सासूबाईंनी धरून ठेवलं. दीड तास गेला त्यात. आता तोच मेसेज आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर फिरतोय.

सातवा-आठवा हे खूळ फार जुनं आहे, प्राचीन ग्रीक वैद्यांच्या लिखाणातही सापडतं. जुनं असलं तरी चूकच. पोटात जितके आठवडे जास्त तितकी फुप्फुसं तयार, तितकं वजन. आठव्यातलं बाळ सातव्यातल्यापेक्षा मागे पडेलच कसं?

सुजेबद्दल एवढं मान्य करते की शेवटच्या महिन्यांत पाय बऱ्याच जणींचे सुजतात. पण भाचीचा चेहराही सुजला होता. दोन दिवस डोकं ठणकत होतं, डोळ्यांपुढे काजवे चमकत होते, बरगडीखाली दुखत होतं आणि घरातले म्हणत होते, पित्त झालं असेल. विसाव्या आठवड्यानंतर बीपी १४०/९० च्या वर आणि लघवीत प्रथिनं, याला प्रीएक्लॅम्प्सिया म्हणतात. त्यात झटके येऊन आई दगावू शकते. गोळ्यांनी बीपी आटोक्यात राहतं, पण दुखण्याचं मूळ वारेत, म्हणजे पोटात बाळाला पोसणाऱ्या प्लॅसेंटात असतं. बाळ आणि वार बाहेर आल्याशिवाय ते जात नाही. मग 'महिनाभर थांबा' म्हणणाऱ्यानं कोणाचा जीव टांगणीला लावला?

सगळ्यात संताप आला तो इंजेक्शनच्या वाक्यावर. ते स्टिरॉइड म्हणजे डेक्सामेथासोन, बाळाची फुप्फुसं लवकर तयार व्हावीत म्हणून आईला देतात. सहा मिलिग्रॅमचे चार डोस, बारा-बारा तासांनी. जागतिक आरोग्य संघटनेनं भारत, पाकिस्तान, बांगलादेश, केनिया आणि नायजेरियातल्या २,८५२ बायकांवर याची चाचणी घेतली, २०२० साली निष्कर्ष आले. आपल्या बेळगावचे डॉक्टरही त्यात होते. सव्वीस ते तेहतीस आठवड्यांच्या या गरोदर बायकांपैकी निम्म्यांना औषध दिलं, निम्म्यांना नुसतं पाणी असलेलं इंजेक्शन. पाणीवाल्या गटात जन्मलेल्या शंभर बाळांमागे साधारण साडेतेवीस पहिल्या अठ्ठावीस दिवसांत गेली, औषधाच्या गटात साडेएकोणीस. शंभरात चार बाळं जास्त वाचली, तीही स्वस्तातल्या औषधानं. चारही डोस पुरे व्हायला दीड दिवस लागतो, म्हणून पेन अडवलेला तो दीड तास मला अजून सलतो.

मध? वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचाच नाही, त्यातून बोट्युलिझम, म्हणजे जिवावर बेतणारी विषबाधा होऊ शकते.

राहिली पेटी. खाजगीत नको तिथे सिझर होतात, हे खोटं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या आकड्यांत देशभर खाजगी दवाखान्यांतली ४७.४ टक्के बाळंतपणं सिझरनं झाली, सरकारीत १४.३ टक्के. म्हणून चौदाशे ग्रॅमचं बाळ पेटीबाहेर ठेवायचं? अंगावर चरबी नाही, ऊब टिकत नाही. ओढणं, गिळणं आणि श्वास घेणं एकत्र जमत नव्हतं, म्हणून नळीनं तीन-तीन मिली दूध द्यायचे. सगळ्यात लहान लंगोटही काखेपर्यंत यायचा. पुढे भाचीनं उघड्या छातीशी धरून जुन्या सुती ओढणीनं बांधलं, तेव्हा वजन चढायला लागलं.

बिलाचीच भीती असेल तर नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात अशा बाळांचा विभाग आहे आणि सरकारी योजनेत आजारी नवजात बाळाचे उपचार मोफत आहेत. १०८ ला फोन केला की गाडीही फुकट येते. मेसेजमध्ये लिहायचंच होतं तर हा नंबर लिहायचा होता.