गाळ टाकतात कुठे?

जवाहर चौकात पाणी आलं, हे सांगायला काकांचा फोन येतो तो दर पावसाळ्यात. यंदा आला तेव्हा मी इंग्लंडातल्या ब्रिस्टलच्या जुन्या गोदीवर डबा उघडून बसलो होतो. इथे पाणी काठाच्या हातभर खाली, स्थिर. राजापुरात अर्जुना आणि कोदवली मिळून बाजारात घुसलेल्या.

त्याच दिवशी आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर नेहमीचं जुंपलं होतं. एकाला इंग्रजांच्या वखारीचं स्मारक हवं, दुसऱ्याला बारसूची रिफायनरी, मुंबईच्या बहिणीला यातलं काहीच नको. खाडीचं नाव कुणी काढलं नाही. मला राग येतो तो याचा.

राजापूर आणि ब्रिस्टल ही दोन्ही समुद्रापासून आत, नदीवर वसलेली बंदरं. अणुस्कुऱ्याच्या घाटाने देशावरचा माल बैलांवर उतरायचा. कापड आणि मिरी गलबतांत चढायची. इंग्रज वखार घालून बसले ते त्यासाठीच. पन्हाळ्याच्या वेढ्यात त्यांनी सिद्दी जौहरला तोफांची मदत केली आणि 1661 मध्ये शिवाजी महाराजांनी राजापुरावर येऊन त्याचा हिशोब चुकता केला. आपल्याला राजापूर आठवतं ते एवढंच. पण बंदर बसलं ते काही त्या स्वारीने नाही. पुढे दोनशे वर्षं खाडी गाळाने भरत गेली, आणि इंग्रजी अमदानीतच मोठी गलबतं धक्क्यापर्यंत येईनाशी झाली होती. ती खाली जैतापुराकडे थांबायची. आज जैतापूर म्हटलं की लोकांना फक्त अणुप्रकल्प आठवतो.

ब्रिस्टलचं दुखणं वेगळं. इथे भरती-ओहोटीतला फरक बारा मीटरच्याही वर जातो, त्यामुळे ओहोटीला भरलेली जहाजं चिखलात कलंडून बसायची. मग नदीला बाजूने नवा कालवा काढून, दारं बसवून 1809 मध्ये शहरातलं पाणी अडवलं. अडवलेल्या पाण्यात अर्थातच गाळ साचला. तो उपसून खाली सोडायची झडपांची योजना ब्रुनेल या इंजिनिअरने आखली, आणि ते काम आजही चालू आहे. तरी धंदा टिकला नाहीच. जहाजं मोठी होत गेली, मुखाशी अॅव्हनमथला गेली आणि 1975 मध्ये शहरातली गोदी व्यापाराला बंद झाली. त्याआधी काही भाग बुजवून रस्ते करायचं नगरपालिकेच्या डोक्यात होतं. लोकांनी ते होऊ दिलं नाही. भंगारात निघालेल्या क्रेनपैकी दोन तर नागरिकांनी पदरचे पैसे घालून सोडवल्या.

एवढं ऐकून परदेशातला माणूस उपदेश करायला लागला असं कुणी म्हणेल, तर थोडं थांबा. या बंदराचा बराच पैसा गुलामांच्या व्यापारातून आला. त्यातल्या एका व्यापाऱ्याचा, कोल्स्टनचा, पुतळा 2020 मध्ये लोकांनी याच पाण्यात ढकलला. आज काठावरच्या फ्लॅटचं भाडं माझ्या पगाराला परवडत नाही, म्हणून मी फक्त डबा खायला येतो. शिवाय कोकणातला पाऊस अशा दारांना जुमानायचा नाही. अर्जुनेला बंदिस्त करायला निघाल तर ती पहिल्या नक्षत्रातच दारं घेऊन जैतापूर गाठेल.

तेव्हा नक्कल नको. पण एका झडपेची दोनशे वर्षं राखण करणं आपल्यालाही जमायला हरकत नाही. आपल्याकडे गाळ काढायची आठवण होते ती पुराच्या पाण्यातून दुकानं धुतल्यावर, आणि वर डोंगर बोडके होत असतात त्याकडे पाहायचं नाही असं जणू ठरलेलंच.

हे सगळं मी काकांना फोनवर सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमच्याकडे तो गाळ टाकतात कुठे रे?"

"ओहोटीला नदीत सोडतात. ती नेते समुद्राकडे."

"म्हणजे त्यांच्या जैतापुराकडे," काका म्हणाले. "बरं ठेवतो आता, खालची पोती वर घ्यायची आहेत."